बस्त्याव आजाची फूटपट्टी

मरोळच्या गावठणात, क्रुसाच्या मागच्या गल्लीत
कुणाचं काही मोडलं की लोक म्हणायचे,
जा, बस्त्यावकडे टाक.
टाक म्हणजे खरंच टाक.
ओट्यावर पंखे, छत्र्या, शिलाई मशीनची चाकं,
एकदा तर फिलूमावशीची कवळी,
जी त्यानं घासून, तासून नीट बसेलशी केली
आणि परत देण्याआधी दोन दिवस खिशात बाळगून
गल्लीतल्या पोरांना चावत सुटला.

तीस वर्षं गोदीत फिटर.
उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच.
कशी गेली विचारलं तर दर वेळी वेगळं:
मगरीनं नेली.
ममईनं भेंडीबरोबर चिरली.
दानपेटीत टाकली, सुटे नव्हते.

चर्चचा ऑर्गनही त्यानंच दुरुस्त केला, फुकटात.
पुढे वर्षभर एक खालचा सूर
बकरीसारखा ओरडायचा,
आणि तो सूर नेमका
फादर लुद्रिकांच्या आवडत्या गीतात तीनदा यायचा.
मना काय ठावं, म्हणायचा आजा,
पहिल्या बाकावर, हात जोडून,
डोळे इतके घट्ट मिटलेले
की खांदे हलायचे.

पण मला सांगायचंय ते पट्टीबद्दल.
सागाची, दोन फुटी, आकडे हातानं कोरलेले.
एका रविवारी जेवताना टेबल डुगडुगलं,
डुकराच्या विंदालूचा रस्सा पांढऱ्या चादरीवर गेला
आणि ममई काही बोलली नाही.
ती बोलत नसे तेव्हा आजा फार भरभर काम करी.
हाताला लागलं ते त्यानं करवतीखाली धरलं.
पट्टीचा पहिला इंच
टेबलाच्या पायाखाली गेला.
टेबल थांबलं.
पट्टी त्या दिवसापासून एकापासून सुरू झाली.

तो स्वतः मनात वजाबाकी करायचा.
उसनी नेणाऱ्याला मात्र सांगायचा नाही.
इनासकाकाच्या कपाटाचं दार
अजून एका बाजूनं उजेड दाखवतं.
आणि बिल्डरचा माणूस आला टेप विसरून,
तेव्हा आजानं अदबीनं पट्टी पुढे केली,
वर लिंबाचं सरबत, बर्फ घालून.
तेवीस फुटांचा ओटा कागदावर चोवीस भरला.
बाबा दारात उभा राहून खोकत होता.
आजा म्हणाला, लिहून घ्या साहेब, नीट लिहून घ्या.

इमारत सहाव्या मजल्यापर्यंत आली
तेव्हा तो गेला.
भाड्याच्या खोलीत, अंधेरी पूर्वेला,
घरमालकाचा नळ उघडून बसला असताना.
वॉशर त्याच्या मुठीत होता.
नळ त्या रात्री आम्हीच कापडानं बांधला,
आणि तो गळत राहिला,
बायका रोझरी म्हणत होत्या त्याच्या मधेमधे.

टेबल भंगारवाल्यानं नेलं होतं त्याआधीच.
पायाखालचा तुकडा कुणी उचलला नाही.
मीही नाही.

आता अकराव्या मजल्यावर राहते.
इथे काही मोडलं की अॅपवरून मुलगा येतो,
बूट बाहेर काढतो, पाच तारे मागतो.
परवा म्हटलं, पडद्याचा दांडा तरी आपण बसवू.
पट्टी काढली, मोजलं, खूण केली,
जीभ दातात धरून कापलं,
अगदी त्याच्यासारखं.
शिडीवर चढून लावायला गेले.
एक इंच कमी.

मला माहीत होतं.
सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं.
सगळ्या गावठणात फक्त मलाच सांगितलं होतं त्यानं,
ओट्याच्या पायरीवर, चाळणीत खिळे चाळताना,
आणि मग गप्प राहा म्हणून
ओठांवर बोट ठेवलं होतं,
त्या दोन अर्ध्यांतलं एक,
ओठांपर्यंत नीट न पोचणारं.